पुडीआधी दाणा पाहा

संपादक महोदय,

साठवणीतील कडधान्यासाठी वनस्पतींची पूड सुचवणारा आपल्या कृषिपानावरील लेख वाचला. सल्ला योग्य असला तरी एक महत्त्वाची बाब त्यात राहून गेली. चवळी, मूग, तूर यांना लागणारा भुंगेरा पुष्कळदा शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि त्यातून निघालेली अळी दाण्याच्या आत शिरून तिथेच वाढते. कडुनिंबाची किंवा वेखंडाची पूड दाण्याबाहेरच्या भुंगेऱ्याला आणि त्याच्या अंडी घालण्याला अटकाव करते, आतल्या अळीपर्यंत मात्र ती पोहोचत नाही. त्यामुळे मूठभर चवळी उजेडात धरून पाहावी. सालीवर खसखशीहून बारीक पांढरे ठिपके चिकटलेले दिसले, तर नुसत्या पुडीवर विसंबू नये. मळणीनंतर लगेच कडक उन्हात वाळवून, चाळून, मगच पूड चोळलेली बरी. आमच्या घरी एका वर्षी हा क्रम चुकला आणि पूड लावूनही महिन्याभरात डब्यातली चवळी भोके पडून पिठाळ झाली.

वेखंड तर बियाण्यापुरतेच ठेवावे. त्यातील बीटा-ॲसारोन या कर्करोगकारक मानल्या जाणाऱ्या घटकामुळे अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांतील वेखंडाच्या वापरावर बंदी घातली, आणि आपण तेच खाण्याच्या डाळीला सर्रास चोळतो.

– एक शेतकरी, बार्शी