मृण्मयीच्या प्रवेशावरून

नाशिक, गंगापूर रोड

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मृण्मयीला फिजिक्सही हवंय आणि कॉम्प्युटरही, म्हणून ‘तू नक्की काय करतोस ते नीट लिहून कळव’ म्हणालास. फोनवर हे होणारं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

नाशिकच्या एचपीटी-आरवायके कॉलेजात बीएस्सी, मग पुणे विद्यापीठात एमएस्सी फिजिक्स, हे तुला ठाऊकच आहे. प्रोग्रामिंग तिथेच शिकलो, फोरट्रानमध्ये. १९५७ साली आयबीएमने आणलेली भाषा. पण हवामानाची कितीतरी मॉडेलं आजही तिच्यातच चालतात. पायथॉनमध्ये समीकरणं सोडवणाऱ्या पोरांच्या हाताखालीसुद्धा बहुतेक वेळा लापॅक हा समीकरणं सोडवणारा तयार कोडसंचच राबत असतो, आणि तो मूळ फोरट्रानचा. पुढची काही वर्षं बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली. पगार उत्तम, मन रमेना.

आता काम पुराचं. आपल्याकडे पूर मोजतात तो गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून: पाणी कमरेला लागलं, गळ्याशी आलं. मला तेच आधी सांगता यायला हवं. गंगापूर धरणातून अमुक विसर्ग सोडला, तर रामकुंडावर पाणी कधी पोचेल आणि कुठवर चढेल? वाहत्या पाण्याची ही समीकरणं १८७१ सालची. नदीचे दहा-दहा मीटरचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातलं पाणी क्षणाक्षणाने पुढे सरकवायचं. हा क्षण केवढा धरायचा, यातच सगळी मेख आहे. पाच मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला सुमारे सात मीटर धावते. प्रवाहाचे तीन मीटर मिळवले की दहा. म्हणजे सेकंदाभरात तिने अख्खा चौकोन ओलांडला. क्षण त्याहून मोठा घेतलास की आकडे उधळतात, गोदावरी हजारो मीटर खोल दिसू लागते. ही अट कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्ये मांडली, आजच्यासारखे कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी! बरं, चौकोन पाच मीटरचे करावेत, तर ते चौपट होतात, क्षण निम्मा होतो आणि काम आठपट वाढतं.

आकडे उधळले तर निदान कळतं तरी. मला धास्ती असते ती शहाण्यासारख्या दिसणाऱ्या चुकीच्या उत्तराची. म्हणून आधी पाण्याचा जमाखर्च: आलं तेवढं साठलं नाहीतर वाहून गेलं, थेंब इकडेतिकडे नको. मग सराफ बाजारात हिंडायचं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी तुमच्या कितव्या पायरीला लागलं होतं, असं दुकानदारांना विचारायचं. कुणी थेट भिंतीवरची ओल दाखवतो, कुणी शटरवरची गाळाची रेघ. ते आकडे मॉडेलशी जुळले तर त्या दिवशी जेवण गोड लागतं. नाही जुळले, तर पुलाच्या खांबांपासून पुन्हा तपासणी सुरू.

म्हणून मृण्मयीला माझं आग्रहाचं सांगणं: पदवीला फिजिक्स किंवा गणितच घे. कोड ती सहा महिन्यांत लिहायला लागेल. पण आलेलं उत्तर निसर्गात घडू शकतं का, ही पारख यायला वर्षं जातात, आणि या कामाची खरी गोडी तिथेच आहे. न्यूमरिकल अॅनालिसिस आणि लिनियर अल्जिब्रा हे विषय कंटाळवाणे म्हणून सोडू नकोस, एवढं तिला बजावून सांग.

बाकी माझं छान चाललंय. पावसाळा संपला की अंजनेरी, ब्रह्मगिरी. थंडीतले रविवार नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात; दुर्बीण घेऊन पहाटेच निघतो. चक्रवाक आणि थापट्या यायला लागले की घरची मंडळीही सोबत येतात. त्या अभयारण्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रात पहिला. गोदावरी आणि कादवेचं ते पाणी पाहताना डोक्यातलं मॉडेल काही थांबत नाही, आणि ते मला आवडतं.

दिवाळीच्या सुट्टीत तिला आठवडाभर इकडे पाठव. एका साध्या सरळ कालव्याचं मॉडेल तिच्याकडूनच लिहून घेतो. फॉर्मची शेवटची तारीख त्याआधी असेल तर मला लगेच फोन कर. आईंचा गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद