बोटीवरची शेगडी : आधी तळ बघा, मग इंधन ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गोसीखुर्दच्या जलाशयावर जलपर्यटनाची तयारी चालू आहे. वैनगंगेवर छपराच्या, केबिनच्या बोटी येणार म्हटल्यावर त्यांत चहा उकळणार आणि जेवणही शिजणार. रात्रीच्या जाळ्यांसाठी पाण्यावर राहणाऱ्या धिवर बांधवांच्या डोंग्यांवर भात-रस्सा होतोच. रेशनचे रॉकेल मिळेनासे झाल्यापासून प्रश्न उरतो तो गॅस की स्पिरिट (म्हणजे जळणाचे अल्कोहोल), एवढाच. याचा निर्णय बहुतेक लोक किमतीवर घेतात. तो बोटीचा तळ बघून घ्यायला हवा.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. प्रोपेन सुमारे दीडपट, ब्युटेन दुप्पट. घरात गळती झाली तर दाराखालून, मोरीतून थोडा तरी बाहेर पडतो. बोटीचा तळ म्हणजे परात, त्यात उतरलेला गॅस आपणहून बाहेर येत नाही. हिशेब करून बघा. शेगडीचा लहान बर्नर पूर्ण उघडा असेल तर तासाला साधारण १३० ग्रॅम गॅस सोडतो. वाऱ्याने ज्योत विझली आणि अर्धा तास कोणाचे लक्ष गेले नाही, तर ६५ ग्रॅम, म्हणजे जवळपास ३० लिटर वायू तळाशी जमतो. हवेत २ टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला की एक ठिणगी पुरते. म्हणजे ४ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद तळावर पाव मीटर जाडीचा स्फोटक थर. इंजिनाचा स्टार्टर, पाणी उपसायचा पंप, बॅटरीच्या जोडण्या नेमक्या याच थरात बुडालेल्या असतात. वासावर भिस्त ठेवावी तर तोही गॅससोबत खालीच रेंगाळतो, उभ्या माणसाच्या नाकापर्यंत उशिरा पोचतो.

म्हणून केबिनच्या बोटीत गॅस ठेवायचा तर सिलेंडरला वेगळी पेटी हवी. पेटी केबिनच्या बाजूने पूर्ण बंद, झाकण वर उघडणारे, आणि तळाला किमान पाऊण इंच आतल्या व्यासाची नळी. ही नळी सतत उताराने बोटीबाहेर निघाली पाहिजे, मध्ये झोल नको. झोलात पाणी साचले की गॅसची वाट बंद. बाहेरचे तोंड खिडकी आणि इंजिनच्या जाळीपासून निदान दोन फूट दूर असावे. आणखी एक चूक सर्रास होते. रिकामी बोट बघून भोक पाडतात. माणसे बसली की बोट खाली दबते, भोक पाण्याखाली जाते आणि पेटी पुन्हा बंद डबा होते. भोकाची उंची भरलेल्या बोटीवर मोजावी.

शेगडी घेताना ज्योत विझली की गॅस तोडणारी व्यवस्था आहे का ते विचारा. बर्नरच्या कडेला पेन्सिलच्या टोकाएवढी एक दांडी असते. ती तापलेली असेपर्यंतच आतला व्हॉल्व्ह उघडा राहतो, थंड झाली की तो आपोआप मिटतो. घरच्या साध्या शेगडीत ही सोय बहुधा नसते, आणि वारा तर पाण्यावरच जास्त. नळी तारेची जाळी असलेली, आयएसआय छापाची आणि दीड मीटरच्या आत घ्यावी, दोन्ही टोकांना क्लिप लावावी, पाच वर्षांनी बदलावी. इंजिनच्या थरथरीने क्लिपचे स्क्रू सैल होतात, म्हणून सिलेंडर लावताना दरवेळी साबणाचे पाणी लावून बुडबुडे बघावेत. सिलेंडरच्या तोंडातली रबरी रिंगही बघा. तडा गेलेली रिंग हे गळतीचे नेहमीचे ठिकाण आहे.

डोंग्यांवर सर्वांत जास्त दिसतो तो डोक्यावरच बर्नर बसवलेला बिनछापाचा छोटा सिलेंडर. तो घेऊच नये. वर भांडे ठेवले की तोल जातो, शिवाय तो बाजारात मोठ्या सिलेंडरमधून बेकायदा भरून मिळतो. अधिकृत भरण्यात सुमारे १५ टक्के जागा द्रवाच्या प्रसरणासाठी मोकळी सोडतात. हातभरणीत ती कोण मोजतो? काठोकाठ भरलेला सिलेंडर सकाळी गार असताना ठीक वाटतो, पण आपल्याकडच्या मे महिन्याच्या ४५ अंशांत उन्हात राहिला तर आतल्या द्रवाला फुगायला जागा उरत नाही आणि पत्रा फाटतो. पाच किलोचा अधिकृत सिलेंडर घ्या आणि तो सावलीत, उभा, पट्ट्याने बांधून ठेवा.

आता स्पिरिट. पंप मारून दाब देणारा स्टोव्ह बोटीवर नकोच. बर्नर नीट तापला नाही तर द्रव स्पिरिट उसळून छपरापर्यंत ज्वाळ जाते. विनादाबाचा, डब्याचा स्टोव्ह घ्यावा. त्याच्या डब्यात लोकरीसारखे शोषक भरलेले असते आणि साधारण १.२ लिटर स्पिरिट मावते. तोंडाच्या जाळीवर द्रव चमकू लागला की भरणे थांबवा, डबा तिरपा करून जास्तीचे परत ओतून घ्या. ते राहिले तर पेटवताना डब्याबाहेर ज्वाळ धावते. सगळ्यात वाईट अपघात पुन्हा भरताना होतो. उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही, विझली समजून वरून ओततात आणि हातातली बाटली पेटते. झाकण बंद करून १५ ते २० मिनिटे थांबा, डबा बाहेर काढा, हाताला गार लागला तरच भरा. वापर नसताना डब्यावर रबरी टोपण हवेच, नाहीतर आपल्या उन्हाळ्यात स्पिरिट उडून जाते.

स्पिरिट पाण्याने विझते हे खरे, पण निम्मे पाणी मिसळलेले स्पिरिटही पेटते. लोटाभर पाणी ओतले तर जळता द्रव फळ्यांखाली वाहत जातो. ओले पोते झाकावे किंवा भरलेली बादली रिती करावी. गॅसच्या आगीत आधी सिलेंडरची कळ बंद, मग कोरड्या भुकटीचे आग विझवायचे यंत्र. मिथेनॉल कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, ते विष आहे. विकृत (पिता येऊ नये म्हणून भेसळ केलेले) स्पिरिट बाळगण्याबाबत राज्यात नियम आहेत. वर्धा आणि गडचिरोलीत तर दारूबंदी. खरेदीआधी राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात विचारून घ्यावे.

स्पिरिटची खरी उणीव उष्णतेची. एक किलो गॅसचे काम करायला सव्वादोन लिटर स्पिरिट लागते, आणि लिटरभर पाणी उकळायला आठ-दहा मिनिटे. गॅसवर त्याच्या निम्मी. वीस पर्यटकांचे जेवण त्यावर होणार नाही. ते काठावर शिजवून बोटीवर फक्त वाढावे. माझे मत असे : उघड्या डोंग्यावर अधिकृत छोटा सिलेंडर आणि वेगळी, रुंद बैठकीची शेगडी. केबिनच्या बोटीला वरच्यासारखी पेटी असेल तर गॅस, नसेल तर चहापुरता स्पिरिटचा डबा. दोन्हीत केबिनच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात, कारण दोन्ही ज्वाळा हवेतला प्राणवायू खातात.

अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ नुसार यांत्रिक बोटींची तपासणी होते. जलाशयावरच्या बोटींची परवानगी देताना संबंधित अधिकाऱ्यांनी स्वयंपाकाची जागाही त्यात धरावी, ही विनंती. सिलेंडर बाहेर काढायचा, बोटीत पूर्ण माणसे बसवायची आणि पेटीत बादलीभर पाणी ओतायचे. पाणी बोटीबाहेर पडले तर गॅसही पडेल. ते केबिनच्या फळ्यांखाली झिरपले किंवा पेटीतच साचले, तर त्या बोटीला गॅसची परवानगी देऊ नये.

आपला,
एक वाचक, पवनी (जि. भंडारा)