बोस म्हणजे बसू

पुणे

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार. नव्या हेडफोनचा फोटो मिळाला. खाली विचारलंयस, "ही बोस कंपनी नेताजींच्या घरातली का रे?" फोनवर सांगत बसलो असतो तर मधेच तोडलं असतंस, म्हणून पत्र.

घरातली नाही. सगळे कुलकर्णी कुठे भाऊबंद असतात? पण माणूस बंगालीच. बंगालीतलं 'बसु' साहेबाच्या स्पेलिंगात 'बोस' झालं. अमर बोस १९२९ साली फिलाडेल्फियात जन्मले. वडील नोनीगोपाल स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेले. १९२० मध्ये कलकत्त्याहून निसटून अमेरिकेला पोचले. महायुद्धात त्यांचा आयातीचा धंदा बसला, तेव्हा पोरगा रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावायचा. पुढे एमआयटी विद्यापीठात प्राध्यापकी आणि १९६४ मध्ये ही कंपनी.

१९७८ साली झुरिकहून बॉस्टनला परतताना विमानातले हेडफोन लावले, तर घरघरीपुढे गाणंच ऐकू येईना. मग तिथेच बसल्या बसल्या गणित मांडलं. आतल्या माइकने घरघर ऐकायची आणि नेमकी तिच्या उलटी लहर सोडायची. दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. एकसुरी आवाजावर ही युक्ती फार चालते, अवचित आवाजावर तेवढी नाही. म्हणून तुला पंखा ऐकू येणार नाही, पण वहिनींच्या कुकरची शिट्टी येईलच.

आता आणखी दोन बोस ऐक. शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोसांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलात बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवली, बंदुकीची दारू उडवली. त्यांचं काम काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर होतं. ५जीचा सर्वांत वेगवान पट्टा आज तशाच लहरींवर चालतो.

मला मात्र त्यांचे विद्यार्थी सत्येंद्रनाथ बोस जास्त आवडतात. १९२४ मध्ये ढाक्याहून त्यांनी आइनस्टाइनला पत्र घातलं, सोबत प्रकाशाच्या कणांवरचा स्वतःचा छोटा लेख. ना ओळख, ना देख! आइनस्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापवला. पुढे डिरॅक या भौतिकशास्त्रज्ञाने त्यांच्या नावावरून एका अख्ख्या जातीच्या कणांना 'बोसॉन' म्हटलं. प्रकाशाचा कणही त्यातलाच. बोसॉन एकाच अवस्थेत हवे तेवढे गर्दी करू शकतात, म्हणून लेझर जमतो, आणि तुझं फायबर इंटरनेट त्या लेझरवर. नोबेल मात्र सत्येंद्रनाथांना मिळालं नाही. ही गोष्ट मला अजून टोचते.

रविवारी येतोयस ना? हेडफोन आण. तासभर माझ्या कानावर, मग परत.

तुझा,
बंडू