भिंत पंचनाम्यानंतर पडली, साहेब

दि. १७ मे २०२६

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र शासन, मुंबई

सादर नमस्कार.

परवा दिवेलागणीला माझ्या मोबाइलवर मेसेज आला. ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ एवढंच. कोणी काढली, काय बघून काढली, यातलं काही नाही. गेल्या सप्टेंबरच्या पुरानंतर पडलेली माझ्या घराची भिंत बघायला कोणी आलं नाही, मला कोणी फोन केला नाही. आपण मोठ्या कामात असता याची मला जाण आहे, म्हणून सात महिने मी खालच्या खालीच खेटे घातले. आता खाली जायला कोणी उरलं नाही. म्हणून थेट आपल्याला लिहिते, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातली, सीना नदीकाठच्या एका गावची. एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका होते, २०२४ मध्ये निवृत्त झाले. गावात मला अजून ‘बाई’च म्हणतात. वजनं, उंच्या, लसी, पोषण आहार, जनगणना, मतदारयाद्या, शासनानं जे रजिस्टर दिलं ते मी भरलं. रकाना रिकामा ठेवायचा नसतो हे मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. म्हणून पंचनाम्याचा कागद हातात आला तेव्हा तो मला वाचता आला.

आमचं घर पाच खणांचं, माळवदाचं. सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. दोन हात जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर सागाच्या तुळया आणि त्यावर पांढरी माती. निवृत्तीचे एक लाख रुपये मिळाले त्यातून मी पुढची भिंत विटांची करून घेतली आणि आत शहाबादी फरशी घातली. मालक २०२१ मध्ये गेले. त्यांना फरशीची फार हौस होती, ती त्यांच्या माघारी झाली.

२२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती. देवघरासमोर पत्रावळीवर काळी माती पसरून मी घट बसवला. दुसऱ्या दिवशी नदीचं पाणी वेशीच्या आत आलं आणि रात्रीतून माझ्या उंबऱ्यावर चढलं. वरच्या धरणांतून किती पाणी सुटलं हे आम्हाला व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजवरून कळत होतं, एकात एक आकडा, दुसऱ्यात दुसरा. दवंडी नाही, भोंगा नाही. पोरांनी दारं वाजवून म्हातारी माणसं उठवली. मी नातवाला कडेवर घेतलं, घरातली कागदांची पिशवी डोक्यावर घेतली आणि शाळेकडे निघाले. घट तसाच राहिला. नऊ दिवस ज्याच्यापुढे दिवा विझू द्यायचा नाही, तो दुसऱ्याच रात्री पाण्याखाली गेला. हे मी कोणत्याही अर्जात लिहिलेलं नाही, कारण त्याला रकाना नाही. पण साहेब, माझं पहिलं नुकसान ते आहे.

त्या दिवसांत सीनेतून दोन लाख क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला दोन लाख घनफुटांच्या वर पाणी वाहिलं. माझ्या धाकट्या भावानं हिशेब मांडून दाखवला. अकरा हजार पाचशे क्युसेक चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट होतं. म्हणजे दिवसाला सतरा टीएमसी. उजनी धरण सगळं मिळून ११७ टीएमसीचं. आठवडाभर सीना तशीच वाहिली असती तर एक उजनी भरली असती. आणि ही कोणती सीना? जिच्या पात्रातून आम्ही उन्हाळ्यात चपला हातात न घेता पलीकडे जातो. जिच्यात भीमा-सीना जोडकालव्यातून पाणी सोडा म्हणून या भागातल्या माणसांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर बसून काढली. लांबोटीला पुणे हायवे बंद पडला तेव्हा टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्राला सीना दिसली. त्याआधी ती कोणाला माहीत होती?

पाणी दोन दिवस घरात होतं. ओसरलं तेव्हा गुडघाभर गाळ, त्यात ज्वारी, शेंगा, गादी, मालकांचा फोटो, सगळं एकजीव झालेलं. दोन शेळ्या गेल्या. वाहून गेलेल्या जनावराचा मृतदेह दाखवता येत नाही, म्हणून त्याचा पंचनामाही नाही. तो विषय मी तिथेच सोडला.

पहिली भाकरी कोणाची खाल्ली ते सांगते. सोलापुरातून एक टेम्पो आला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि जुन्या साड्यांच्या घड्या इस्त्री करून. विडी वळणाऱ्या बायकांनी गोळा केलेलं सामान होतं. त्यांची बोली तेलुगू वळणाची. त्यातली एक मला म्हणाली, “अक्का, आमच्याकडं बी पाणी शिरतंय, म्हणून आलो.” हजार विड्या वळल्यावर ज्यांच्या हाती जेमतेम पैसे पडतात, त्या बायका. वरच्या आळीतल्या लोकांनी आपापली घरं उघडी केली, एकेका घरात चार-चार कुटुंबं. शेजारच्या गावाहून ट्रॅक्टर आले आणि आठ दिवस गाळ ओढत राहिले, डिझेलचे पैसे कोणी मागितले नाहीत. गाव उभं राहिलं ते असं राहिलं. शासनाचे गहू-तांदूळही आले, आणि घरात पाणी शिरलं म्हणून दहा हजार रुपये मिळाले. ते मी मान्य करते, खोटं बोलणार नाही. पण ज्या दिवसांत आम्ही गाळात बसलो होतो त्याच दिवसांत मदतीच्या पिशव्यांवर कोणाचे फोटो असावेत यावर राज्यात वाद चालला होता. त्या साडीच्या घड्यांवर कोणाचाही फोटो नव्हता.

आता मूळ गोष्ट.

पंचनामा झाला २९ सप्टेंबरला. तलाठ्यांना हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते आले, सोबत दोन जण. त्यांच्या अंगावर किती गावांचा भार होता ते मला ठाऊक आहे, त्यांच्यावर माझा राग नाही. त्या दिवशी घर उभं होतं. मागच्या भिंतीला फुगा आला होता, कोपऱ्यात हात जाईल एवढी भेग होती. मी म्हटलं, ही भिंत राहणार नाही. ते म्हणाले, “बाई, आज जे दिसतंय तेच लिहायचं असतं.” आणि लिहिलं: कच्चं घर, अंशतः पडझड.

माळवदाचं घर पाण्यातच पडतं असं नाही. ते पाणी ओसरल्यावरही पडतं. आमच्याकडच्या कोणत्याही म्हाताऱ्या गवंड्याला विचारा. ओली असताना माती फुगलेली असते. ऊन पडलं, माती सुकली, आक्रसली की दगड सुटे होतात, आणि वर माळवदाचं टनावारी ओझं. ११ ऑक्टोबरला पहाटे मागची भिंत आणि दोन खण खाली आले. सून चूल मांडायला अंगणात आली होती म्हणून वाचली. दुपारपर्यंत मधली तुळई गेली. उरली फक्त माझी विटांची पुढची भिंत. आता रस्त्यावरून बघणाऱ्याला घर उभं दिसतं, दार उघडलं की आभाळ.

शासनाच्या निकषात कच्च्या घराच्या अंशतः पडझडीला ४,००० रुपये आहेत. पूर्ण पडलेल्या घराला १,२०,०००. माझ्या घराच्या बाबतीत या दोन आकड्यांत अंतर किती? बारा दिवसांचं. माझ्या खात्यावर ४,००० आले. तेही फेब्रुवारीत, कारण ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर मालकांच्या नावावर होतं आणि वारस नोंद व्हायला चार महिने लागले. माणूस मेल्याचा दाखला पिशवीत होता म्हणून बरं, तो पुरात गेला असता तर आधी ते मेलेत हे सिद्ध करावं लागलं असतं.

चार हजार रुपयांत काय येतं? पत्रे घेतले, तेवढ्यात संपले. दोन हात जाडीची भिंत, चार पिढ्या जिच्या आत जन्मल्या, तिला तुमच्या कागदात ‘कच्चं’ म्हणतात हे वाचूनच मला रडू आलं होतं.

मग फेऱ्या सुरू झाल्या. पुन्हा पंचनामा करा म्हणून अर्ज दिला. पहिल्या टेबलावर सांगितलं, यादी लॉक झाली. दुसऱ्यावर सांगितलं, वरून आदेश नाही. तिसऱ्यावरच्या मुलाला मी अंगणवाडीत असताना सुकडी भरवली होती. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, “बाई, सिस्टीममध्ये ऑप्शनच नाही.” त्याची मान खाली होती. त्याला मी काय बोलणार? तीन अर्ज, तीन पोचपावत्या, मग ऑनलाइन तक्रार, आणि परवाचा तो मेसेज.

माझ्या एकटीचं असतं तर मी गप्प बसले असते. आमच्या गल्लीतली अशी सात घरं मी स्वतः वही घेऊन नोंदली आहेत. सगळी पंचनाम्यानंतर पडली. कुठलं चौथ्या दिवशी, कुठलं विसाव्या. खालच्या आळीत एक माणूस दिवाळीच्या रात्री पडवीत झोपला होता म्हणून जिवंत आहे. सीना कुठून कुठे वाहते बघा. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर, मग कुडलला भीमेत मिळते. या सगळ्या काठावर किती माळवदं असतील? मोजली कोणी?

७ ऑक्टोबरला शासनानं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. दिवाळीआधी पैसे देण्याचा शब्द दिला. आम्ही शाळेच्या वर्गात बसून मोबाइलवर ते ऐकलं, काहींनी टाळ्याही वाजवल्या. मीही वाजवल्या. पण त्याआधी त्याच वर्षीच्या मे महिन्यात जिरायतीची हेक्टरी मदत १३,६०० वरून ८,५०० वर आणि तीन हेक्टरवरून दोन हेक्टरवर तुम्हीच आणली होती. मग रब्बीसाठी दहा हजार घालून ती १८,५०० केली आणि मर्यादा पुन्हा तीन हेक्टर. आधी खाली आणायचं, मग वाढवलं म्हणून सांगायचं, हे शेतकऱ्याला कळत नाही असं समजू नका. ओला दुष्काळ जाहीर करा म्हटलं तर नियमावलीत तसा शब्दच नाही, असं उत्तर मिळालं. पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात नदी घरात शिरते, आणि शासन शब्द शोधतं. शब्द नसेल तर घाला. नियमावली माणसांनीच लिहिली आहे ना?

मी सेवेत लागले त्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याही भिंती हलल्या होत्या. दगड-मातीची घरं म्हणजे काय हे त्या पहाटे साऱ्या देशाला कळलं. त्यानंतर ५२ गावं नव्या जागेवर बसवली. म्हणजे हे राज्य मनात आणलं तर गाव उचलून ठेवू शकतं. सोलापूरजवळ कुंभारीला असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत उभी राहते आहे, त्यातली पंधरा हजार २०२४ च्या जानेवारीत वाटली. म्हणजे घरंही बांधता येतात. मग सीनाकाठाला काय झालं? २०२० च्या ऑक्टोबरात याच जिल्ह्यात महापूर आला होता. तेव्हाही पाहणी दौरे झाले, तेव्हाही चिखलात उभे राहून नेत्यांनी धीर दिला. त्या पाच वर्षांत आमच्या गावात पुराची निळी रेषा कुठून जाते आणि महापुराची लाल कुठून, हे कोणी खडूनंसुद्धा दाखवलं नाही. पावसाळ्याआधी बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढायचे असतात हे शाळेतल्या पोराला माहीत आहे, पण निघाले की नाही हे कोण बघतं? वाळू रात्रीची जाते, ट्रॅक्टरचा आवाज आम्हाला येतो आणि तुमच्या यंत्रणेला येत नाही. पात्र खरवडून नदी उघडी केली, ओढे बुजवून प्लॉट पाडले, आणि पाणी आलं की ते अस्मानी. साहेब, यातलं सुलतानी किती ते तरी वेगळं काढा.

मला लिहिताना राग येतो, अक्षर वाकडं होतं. माफी मागणार नाही.

मागणी एकच होती, ती मी तीन अर्जांत लिहिली आहे आणि इथे चौथ्यांदा लिहिते. पंचनाम्यानंतर पडलेल्या मातीच्या घरांचा पुन्हा पंचनामा करा. पुढच्या पुरात तरी पाणी ओसरल्यावर एकदा आणि महिन्यानं एकदा, असे दोन पंचनामे करा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, फॉर्मवर एक रकाना लागतो. तो कसा आखायचा हे मी दाखवू शकते, आयुष्यभर तेच केलं. आणि यादी मोबाइलमध्ये लॉक न करता चावडीवर लावा, म्हणजे कोण राहिलं ते गाव सांगेल.

आज आमच्याकडे ४२ अंश ऊन आहे. पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही, म्हणून हे पत्र मी पडक्या घरात, उरलेल्या विटांच्या भिंतीच्या सावलीत बसून लिहिलं. फरशी अजून जागेवर आहे, दोनच फुटल्या. रोहिणी आठ दिवसांवर आल्या. मृगाच्या आत कोणाला तरी पाठवा. यावेळी पुढच्या दारातून बघून परत जाऊ नका म्हणावं, आत या म्हणावं.

आपली,
सीनाकाठची एक घरमालकीण
निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. मोहोळ, जि. सोलापूर