जेआरएफ मिळते, मार्गदर्शक मिळत नाही

महोदय,

मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांत नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती, मिळवली की पीएचडीच्या पैशाची काळजी मिटली, असे मुलांना वाटते. रक्कम खरोखर चांगली आहे: पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार, पुढे ४२ हजार रुपये, शिवाय घरभाडे आणि पुस्तके-प्रवासासाठी वार्षिक आकस्मिक निधी. पण हे पैसे पीएचडीला प्रवेश झाल्यावरच सुरू होतात, आणि जेआरएफच्या पत्राची मुदत तीन वर्षांची.

घोडे अडते ते मार्गदर्शकापाशी. नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. भाषा विभागांत पदेच रिकामी असतील, तर जागा येणार कुठून? म्हणून अर्जाआधी विभागात जाऊन कोणाकडे किती जागा आहेत, हे विचाराच.

प्रवेशानंतरही दर महिन्याला विद्यापीठाने पोर्टलवर हजेरीची खातरजमा करावी लागते. ती राहिली की पैसे अडकतात. खोलीभाडे मात्र थांबत नाही.

जेआरएफ हुकली तरी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांच्या जाहिराती पाहत राहा. जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र आणि पीएचडी नोंदणीचे पत्र आधीच तयार ठेवा.

विद्यापीठांनी मार्गदर्शकनिहाय रिक्त जागा दर सहा महिन्यांनी संकेतस्थळावर टाकाव्यात, ही आमची मागणी आहे.

– मराठीचे दोन पीएचडी मार्गदर्शक, पुणे