शेड मार्चअखेर सोडायची आहे : कोल्हापूरच्या जावा-येझदी मालकांचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात आणि आसपास ज्यांच्या दारात, परड्यात किंवा जिन्याखाली जावा नाहीतर येझदी मोटारसायकल उभी आहे, त्या सगळ्यांना हे पत्र. ज्यांनी ती कधीच विकली, पण रस्त्यावर तो आवाज आला की ज्यांची मान अजून वळते, त्यांनाही.

विषय पैशाचा आहे, तेव्हा आधी तेच सांगतो. उद्यमनगरातली आपली शेड मार्चअखेर सोडायची आहे. जागामालकांनी नऊ वर्षं एक रुपया भाडं न घेता ती वापरू दिली. लाइटबिल तेवढं आपण भरत होतो. आता त्यांच्या मुलांना तिथं बांधकाम करायचं आहे. त्यांच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढू नये, एवढी वर्षं सांभाळून घेणारं माणूस पुन्हा मिळणार नाही. दोन गल्ल्या सोडून एक गाळा बघून ठेवलाय. तो घ्यायला आणि त्यात एक हायड्रॉलिक प्रेस बसवायला सत्त्याण्णव हजार रुपये कमी पडतात. हिशेब पुढं आहे. पण गाळा कशाला, प्रेस कशाला, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं लांबण लावतो.

आपलं हे मंडळ मिसळीवर सुरू झालं, हे कबूल केलं पाहिजे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सात-आठ गाड्या पन्हाळ्यावर जायच्या. मिसळ, चहा, तटावर फोटो, अकराला घरी. एका रविवारी वाघबिळाच्या चढाला एक रोडकिंग (येझदीचंच एक मॉडेल) बंद पडली. प्लग काळा आणि ओला. एकाच्या डिकीत जुना प्लग निघाला, दुसऱ्याकडं पाना, आणि ठिणगीचे पॉइंट घासायला तिसऱ्यानं काडेपेटीची बाजू फाडून दिली. तिघांच्या खिशातल्या सामानावर गाडी चालू झाली, मिसळ राहिली. पुढच्या महिन्यात कुणीतरी म्हणालं, वर जाऊन खायचं ते खाऊच, पण एक रविवार इथंच बसून एकेकाची गाडी करूया की. तेव्हापासून पहिला रविवार फिरायचा आणि बाकीचे शेडमधले.

शेडचे नियम भिंतीवर खडूनं लिहिलेले आहेत. एका रविवारी एकच गाडी घोडीवर, म्हणजे दुरुस्तीच्या स्टँडवर. मजुरी नाही. सामान मूळ किमतीत. चहा ज्याची गाडी त्याचा. आणि मालकानं स्वतःचे हात काळे केल्याशिवाय दुसऱ्यानं नट फिरवायचा नाही. या शेवटच्या नियमामुळं दोन-तीन जण सोडून गेले, ते बरंच झालं.

ही हौसेची मंडळी, यांना पैसे कशाला द्यायचे, असं कुणाला वाटेल. वाटण्यासारखं आहेच. जुलैच्या दुसऱ्या रविवारी, जावा-येझदी दिवसाला, रंकाळ्यावर साठ गाड्या उभ्या राहतात, पॉलिश केलेल्या टाक्यांत आभाळ दिसतं, आणि पुढच्या रविवारी शेडमध्ये सहा माणसं असतात. साठांतल्या चोपन्न जणांवर माझा राग आहे आणि तो मी इथंच काढून घेतो.

पण त्या सहांत राधानगरी रोडवरच्या एका गावातले अण्णा असतात. त्यांची १९८९ ची येझदी रोज पहाटे दुधाच्या चार किटल्या घेऊन डेअरीला जाते. गाडी बंद पडली की दूध उशिरा, आणि उशिरा गेलं की संकलन बंद. ‘म्हस आटली तर चालंल, गाडी आटून चालत न्हाई,’ असं ते म्हणतात. नवी गाडी का घेत नाही, विचारलं तर हसतात. हप्ता भरण्याएवढं दूध नाही, आणि या गाडीचं सगळं त्यांना कळतं. गिअरचा आणि किकचा दांडा एकच, तो आत दाबून वर फिरवला की किक. गिअर बदलताना क्लच दाबायचा राहिला तरी दांड्याच्या दाबानं तो आपोआप सुटतो. दोन्ही हातांनी किटली सावरत जगलेल्या माणसाला यापेक्षा काय हवं?

अण्णांच्या इंजिनात गेला महिनाभर ठकठक आहे. कनेक्टिंग रॉडचं, म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याचं, खालचं बेअरिंग गेलंय. आता इथं प्रेसचा विषय येतो.

या इंजिनाचा क्रँक अखंड नसतो. दोन जड चाकं आणि त्यांच्या मधे एक पिन, ती भयंकर घट्ट दाबून बसवलेली. रॉड बदलायचा तर पिन दाबून बाहेर काढायची, नवी दाबून बसवायची, आणि मग दोन्ही चाकं एका रेषेत आणायची. प्रेस आपल्याकडं नाही, म्हणून आजवर क्रँक बाहेर देत आलो. बहुतेक वेळा काम चांगलं झालं. एकदा मात्र एका ठिकाणाहून पिन तिरकी बसून आली. मालकाला कळलं नाही, आम्हालाही नाही. इंजिन बसवलं, गाडी सुरू झाली, आणि पन्नासच्या वर गेलं की पायाला मुंग्या. तीनशे किलोमीटरमध्ये दोन्ही बाजूंची ऑइल सील गेली, गिअरचं ऑइल इंजिनात ओढलं जाऊ लागलं, मागं पांढऱ्या धुराचा पडदा. पुन्हा सगळं खोललं. पैसे दोनदा गेले, रविवार पाच गेले.

चाकं रेषेत आणायचं काम आमच्याकडं आप्पा करतात. आप्पा चौदाव्या वर्षी उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या कारखान्यात लागले, आता त्यांना चौऱ्याहत्तरावं चालू आहे. क्रँक दोन व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवायचा, डायल गेजचं, म्हणजे बारीक फरक मोजणाऱ्या घड्याळाचं, टोक शाफ्टला टेकवायचं आणि हातानं सावकाश फिरवायचं. सुईचं एक घर म्हणजे मिलीमीटरचा शंभरावा भाग. सुई आठ घरं हलते. आप्पा क्रँक उचलतात, चाकाच्या कडेवर खडूची खूण करतात आणि तांब्याच्या हातोडीचा एक ठोका देतात. एकच. पुन्हा ब्लॉकवर. पाच घरं. दुसरीकडून एक, थोडा हलका. दोन घरं. मग हातोडी बाजूला ठेवून ते म्हणतात, ‘आता जास्त शहाणपणा नको.’ कुठं मारायचं हे खडू सांगतो. किती जोरात, हे आप्पांच्या मनगटाला माहीत.

ते व्ही-ब्लॉक आणि गेज आप्पांचे स्वतःचे नाहीत. एका ओळखीच्या वर्कशॉपमधून रविवारपुरते मागून आणतो आणि सोमवारी सकाळी आठच्या आत परत पोचवतो.

आप्पांच्या शेजारी सध्या दोन जण बसतात. एक आयटीआयचा टर्नर. दुसरी मेकॅनिकलचा डिप्लोमा करणारी मुलगी, आजोबांची जावा घेऊन आली आणि टिकली. तिनं एक फाइल केली आहे. कुठल्या गाडीला पिस्टन केवढा ओव्हरसाइज बसवला, पॉइंटची गॅप किती ठेवली, कुठला बोल्ट उलट्या आट्याचा, सगळं आकृत्या काढून. आप्पांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. हे काम या दोघांच्या हातात उतरायला सलग दहा-बारा क्रँक तरी त्यांच्या हाताखालून जायला हवेत, आणि मागून आणलेल्या गेजवर ते होणार नाही. माझ्या दृष्टीनं सगळ्या आवाहनाचं कारण एवढंच आहे. गाडी उभी करायला जागा कुठंही मिळते.

शेडचा उपयोग फक्त आपल्या गाड्यांना झाला असंही नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत कुंभार गल्लीत शिरलं, तेव्हा पाणी उतरल्यावर शेड अकरा दिवस उघडी होती. कुठल्याही कंपनीची दुचाकी आणा, एवढंच सांगितलं होतं. बुडालेल्या गाडीला किक मारायची नाही, हे लोकांना ओरडून सांगावं लागायचं. आधी प्लग काढायचा, पाणी निथळू द्यायचं, आत डिझेल सोडून इंजिन हातानं फिरवायचं, सगळं ऑइल बदलायचं, मगच चालू करायची. काही गाड्या वाचल्या, काही नाही. कुंभार गल्लीतल्या एका घरातून तेव्हापासून दर वर्षी शेडसाठी वीतभर उंचीचा गणपती येतो. पैसे घेत नाहीत. तोही आता नव्या गाळ्यात जाईल.

म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला. म्हणजे सगळ्यात धाकटी येझदीसुद्धा आता तिशीला टेकली. त्याच जुन्या नावानं पुन्हा आलेल्या नव्या गाड्यांचे सुटे भाग आपल्याला चालत नाहीत, मात्र त्यांनी जुन्या गाड्यांचं वेड वाढवलं आणि जुन्या सामानाचे भाव चढले. त्यात वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी टाकीच्या तळाला बसतं आणि दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या कार्बोरेटरमधून चहाच्या रंगाचा गाळ निघतो. वीस वर्षांवरच्या दुचाकीची नोंदणी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून दोन हजार झाली, पर्यावरण कर वेगळा. हे कागद आपले एक निवृत्त सभासद बघतात आणि त्यांच्या शिस्तीचा सगळ्यांना धाक आहे. पन्नाशी ओलांडलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची सोय २०२१ पासून आहे, पण तशी नोंदली की ती रोज रस्त्यावर काढता येत नाही. रोज चालवणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

आता हिशेब. गाळ्याची अनामत नव्वद हजार. वीस टनी हातानं चालणारा प्रेस बत्तीस हजार. डायल गेज, त्याचा मॅग्नेटचा स्टँड आणि व्ही-ब्लॉकची जोडी मिळून नऊ हजार. मॅग्नेटो आणि क्लच ओढून काढायचे पुलर लेथवर करून घ्यायचे, सहा हजार. वायरिंग, कामाचं टेबल, फळ्या अठरा हजार. एकूण एक लाख पंचावन्न हजार. मंडळाकडं आज अठ्ठावन्न हजार आहेत. कॉम्प्रेसर एका सभासदानं द्यायचं कबूल केलंय. गाळ्याचं भाडं महिना सात हजार. एकेचाळीस सभासदांनी दोनशे-दोनशे काढले की ते भागतं आणि लाइटबिलालाही थोडे उरतात. त्यासाठी बाहेर हात पसरणार नाही. वर्गणी थकवणाऱ्यांची नावं मला पाठ आहेत, एवढं लक्षात असू द्या.

रक्कम कितीही चालेल, पावती लगेच मिळेल. देणगीवर आयकरात सवलत मिळणार नाही, तसं प्रमाणपत्र आपल्याकडं नाही. जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला जाईल. जास्त जमले तर पहिल्या महिन्यांच्या भाड्यात वळते होतील. पाच हजार दिले म्हणून कुणाची गाडी रांग सोडून घोडीवर चढणार नाही. आणि टाक्यांवर जाहिरातीचे स्टिकर लावायच्या अटीवर पैसे नकोत. मागं एकदा अशी तयारी एकानं दाखवली होती; आप्पांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

ज्यांना पैसे देणं जमणार नाही त्यांनी माळ्यावर चढून बघावं. जुना जिकोव कार्बोरेटर, स्टँडर्ड मापाचा पिस्टन, मडगार्ड, स्पीडोमीटर, हँडल लॉकची किल्ली, पार्टची पुस्तकं, काहीही. गंजलेलं असलं तरी फेकू नका, नमुना म्हणून उपयोगी पडतं. पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असलेल्यांनी गावाकडं वडिलांना एक फोन करावा, कारण बहुतेक सामान तिथंच पोत्यात आहे आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडं जातं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखानदार मित्रांकडं एक वेगळी मागणी आहे. किक शाफ्टला गनमेटलचे बुश लागतात, मापं आपल्या फाइलमध्ये आहेत. रिकाम्या वेळात कुणाच्या लेथवर पन्नास बुश निघाले तर दोन-तीन वर्षांची चिंता मिटेल.

सामान हलवायला मार्चच्या शेवटच्या दोन रविवारी माणसं आणि एक छोटा हत्ती लागेल. घोडी लोखंडाची आहे, ती उचलायला सहा जण लागतात. वर म्हटलेल्या चोपन्नांनी निदान त्या दिवशी यावं.

येत्या रविवारी अण्णांचं इंजिन खाली उतरवायचं आहे. रॉडचा संच आलाय. प्रेससाठी या वेळी पुन्हा बाहेर जावं लागणार, पण पिन बसवताना आप्पा स्वतः तिथं उभे राहणार आहेत. अण्णांना सकाळी धार आणि डेअरी असते, म्हणून साडेनऊला सुरुवात. खजिनदार पावतीपुस्तक घेऊन तिथंच बसतील. येताना एक जुना सुती कपडा आणा, शेडमधले संपलेत.

आपला,
कार्यवाह