शंभर रुपयांची कपात आणि 45 लाख कोटींचा अर्थसंकल्प

संपादक महोदय,

संसदेत गोंधळ झाला की किती तास वाया गेले याचे हिशेब छापून येतात. अर्थसंकल्पी अधिवेशनात त्या तासांबरोबर काय हातचे जाते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

संविधानाच्या अनुच्छेद 113 नुसार मंत्रालयांचा खर्च 'अनुदानाच्या मागण्या' म्हणून लोकसभेपुढे येतो. लोकसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. राज्यसभेला तर यावर मतदानच नाही. खासदाराच्या हातातले साधन म्हणजे कपात सूचना. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणण्याची सूचना द्यायची, उधळपट्टी दिसली तर तेवढी रक्कम कापायची आणि एखादी नेमकी तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपये. शंभर रुपयांनी तिजोरीला काहीच फरक पडत नाही, पण रखडलेल्या एखाद्या कामावर मंत्र्याला सभागृहात जाब विचारता येतो.

चर्चेचे दिवस ठरलेले असतात. शेवटच्या दिवशी ठरल्या वेळी अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. यालाच गिलोटिन म्हणतात. काही खाती त्यात जाणारच. पण 23 मार्च 2023 रोजी सुमारे 45 लाख कोटींच्या अर्थसंकल्पातल्या सगळ्याच मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. त्या दिवसांत दोन्ही बाजूंचे सदस्य घोषणा देत होते, म्हणून दोष एकाच बाकावर टाकता येणार नाही. 14 मार्च 2018 लाही हेच घडले होते.

31 मार्चच्या मुदतीचे कारण इथे टिकत नाही. दोन्ही वर्षी अधिवेशन 6 एप्रिलपर्यंत ठरलेले होते. मुदत गाठता येत नसेल तर अनुच्छेद 116 मध्ये लेखानुदानाची, म्हणजे पूर्ण अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंतच्या खर्चाला आगाऊ मंजुरी देण्याची, सोय आहे. 2017 मध्ये अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीवर येण्यापूर्वी मार्चमध्ये लेखानुदान आणि पुढे सविस्तर चर्चा, असाच रिवाज होता.

1993 पासून विभागीय स्थायी समित्या मागण्या तपासतात, सचिवांना प्रश्न विचारतात, अहवाल देतात, आणि हे काम चांगले चालते. मात्र समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. ती सभागृहात कुणी उचललीच नाही, तर मंत्र्याला तिथे उत्तर द्यावे लागत नाही.

म्हणून सभागृहाच्या कामाचा वेळ ठरवणाऱ्या कामकाज सल्लागार समितीने गोंधळात गेलेला प्रत्येक दिवस मागण्यांच्या चर्चेला जोडून द्यावा आणि तोवर गिलोटिन पुढे ढकलावे. कृषी, आरोग्य, शिक्षण आणि ग्रामविकास ही खाती तरी दरवर्षी चर्चेला यावीत. वृत्तपत्रांनीही आपापल्या भागातल्या खासदाराने किती कपात सूचना दिल्या, त्या कोणत्या मंत्रालयावर, हे अधिवेशनानंतर छापावे.

– अर्थसंकल्पाचा एक अभ्यासक, पुणे